जिवाणूंचे बायोसरफॅक्टंट धातूला कसे धरतात: ऱ्हॅम्नोलिपिड आणि कॅडमियमचा प्रयोग पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

एमएस्सीचा प्रकल्प किंवा पीएचडीचं पहिलं वर्ष, विषय ‘बायोसरफॅक्टंट वापरून जड धातू काढणं’ (बायोसरफॅक्टंट म्हणजे जिवाणूंनी बनवलेले, पृष्ठताण कमी करणारे साबणासारखे रेणू), आणि हाताशी पाच-सहा शोधनिबंध ज्यांच्या पद्धती एकमेकींशी जुळत नाहीत, अशा अवस्थेत तुम्ही असाल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. या विषयातला खरा धोका प्रयोग फसण्याचा नाही. तो फसलेला असूनही छान आकडा देतो, हा आहे. द्रावणातून कॅडमियम किंवा शिसं नाहीसं झालं एवढ्यावरून ते बायोसरफॅक्टंटने धरलं असं ठरत नाही. फॉस्फेटने खाली बसवलं असेल, हायड्रॉक्साइड झालं असेल, काचेला चिकटलं असेल. प्रत्येक पायरीवर ही शक्यता बंद करत जायचं आहे.

## १. आधी रेणू समजून घ्या

स्युडोमोनास एरुजिनोसा हा जिवाणू ऱ्हॅम्नोलिपिड हे बायोसरफॅक्टंट बनवतो. एका टोकाला ऱ्हॅम्नोज ही शर्करा (एक किंवा दोन), दुसऱ्या टोकाला बहुधा दहा-दहा कार्बनच्या दोन मेदाम्ल साखळ्या आणि त्यांच्या शेवटी एक कार्बोक्सिल गट. एका शर्करेच्या रेणूचं रेणुभार सुमारे ५०४, दोन शर्करांच्या रेणूचं सुमारे ६५०. जिवाणू दोन्हींचं मिश्रण देतो, त्यामुळे हिशेबाला सरासरी ५७७ धरतात.

धातूला धरणारी मुख्य जागा म्हणजे तो कार्बोक्सिल गट. सामू साधारण ५.५च्या वर गेला की तो प्रोटॉन सोडतो आणि ऋणभारित होतो. शेजारचे शर्करेचे हायड्रॉक्सिल गट पकड घट्ट करतात. एका रेणूवर एक ऋणभार, कॅडमियमवर दोन धनभार. म्हणजे ढोबळमानाने दोन रेणूंमागे एक कॅडमियम. हे प्रमाण पाठ करून ठेवा, निकाल तपासायला तेच कामी येणार आहे.

बॅसिलस सबटिलिसचं सर्फॅक्टिन वेगळ्या बांधणीचं आहे. सात अमिनो आम्लांचं कडं आणि त्याला जोडलेली मेदाम्लाची साखळी, रेणुभार सुमारे १०३६. कड्यातल्या ग्लुटामिक आणि अ‍ॅस्पार्टिक आम्लांचे दोन कार्बोक्सिल गट समोरासमोर येतात आणि चिमट्यासारखे कॅल्शियमसारख्या द्विभारी आयनाला मध्ये पकडतात.

सगळे धातू सारखे धरले जात नाहीत. ऱ्हॅम्नोलिपिडसाठी ॲरिझोना विद्यापीठातल्या गटाने २००१ मध्ये स्थिरता स्थिरांक प्रसिद्ध केले. त्यांचे लॉगॅरिदम असे (आकडा जितका मोठा, तितकी पकड घट्ट): तांबं ९.२७, शिसं ८.५८, कॅडमियम ६.८९, जस्त ५.६२, कॅल्शियम ४.१०, मॅग्नेशियम २.६६, पोटॅशियम ०.९६. पुढे क्षार कोणता वापरायचा, माती कोणती घ्यायची, हे सगळं या ओळीवरून ठरतं.

## २. काय काय लागेल

- जिवाणूचं शुद्ध कल्चर, शेकर-इनक्युबेटर, ऑटोक्लेव्ह, सेंट्रिफ्यूज (१०,००० जी, म्हणजे गुरुत्वाच्या १०,००० पट जोराने चालणारा, ४ अंशांवर थंड होणारा)
- इथिल अ‍ॅसिटेट, हायड्रोक्लोरिक आम्ल, गंधकाम्ल, ऑर्सिनॉल, प्रमाण म्हणून ऱ्हॅम्नोज
- कॅडमियम नायट्रेट आणि लेड नायट्रेट. क्लोराइड किंवा सल्फेट घेऊ नका: क्लोराइड स्वतःच कॅडमियमशी संयुग करतं आणि सल्फेट शिशाला खाली बसवतं
- एमईएस किंवा पाइप्स बफर. ट्रिस तांब्याला धरतं आणि फॉस्फेट बफर या कामात पूर्ण वर्ज्य
- पॉलिप्रोपिलीनच्या नळ्या. काचेची भांडी वापरलीच तर १० टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर बुडवून, विआयनीकृत पाण्याने धुऊन
- १० किलोडाल्टनचे (त्याहून मोठे कण अडवणारे) सेंट्रिफ्यूजमध्ये बसणारे गाळणपडदे
- धातू मोजायला अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शन यंत्र (एएएस) किंवा आयसीपी. जमल्यास कॅडमियमचा आयन-निवडक इलेक्ट्रोड

कागदपत्रं: संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी, कल्चर संग्रहाची पावती व सुरक्षा-पत्रक, धातूक्षारांची सुरक्षा-पत्रकं आणि धोकादायक कचऱ्याची नोंदवही. शेवटची वही पहिल्या दिवसापासून लिहायला घ्या.

## ३. जिवाणू कुठून आणायचा

पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला एनसीआयएम संग्रह आणि चंडीगडचा एमटीसीसी संग्रह, दोन्हीकडून नोंद असलेले वाण मिळतात. मातीतून स्वतः वेगळा केलेला जिवाणू घ्यायचा मोह असतो, पण ओळख पक्की झाल्याशिवाय त्यावर धातूचं काम उभारू नका.

स्युडोमोनास एरुजिनोसा हा संधिसाधू रोगजनक आहे. जैवसुरक्षा पातळी २चे नियम पाळा: बंद कॅबिनेट, हातमोजे, उघड्या जखमेनिशी काम नाही. ती सोय नसेल तर बर्कहोल्डेरिया थायलँडेन्सिस हा तुलनेने निरुपद्रवी जिवाणूही ऱ्हॅम्नोलिपिड बनवतो. त्याच्या साखळ्या मात्र लांब, मुख्यतः चौदा-चौदा कार्बनच्या, तेव्हा वरचा ५७७ हा आकडा तिथे चालणार नाही.

## ४. वाढवणं

एक लिटर माध्यमासाठी: ग्लिसरॉल ३० ग्रॅम, सोडियम नायट्रेट ४ ग्रॅम, डायपोटॅशियम फॉस्फेट ४ ग्रॅम, मोनोपोटॅशियम फॉस्फेट २ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट (सप्तजलयुक्त) ०.४ ग्रॅम, कॅल्शियम क्लोराइड ०.०२ ग्रॅम, फेरस सल्फेट ०.००५ ग्रॅम. सामू ६.८ ते ७.०. मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे क्षार वेगळे ऑटोक्लेव्ह करून थंड झाल्यावर मिसळा, नाहीतर फॉस्फेटबरोबर गढूळपणा येतो.

नायट्रोजन संपत आला की जिवाणू जोमाने ऱ्हॅम्नोलिपिड बनवतो, म्हणून कार्बन-नायट्रोजनचं गुणोत्तर महत्त्वाचं. वरच्या मापांत ११.७ ग्रॅम कार्बन आणि ०.६६ ग्रॅम नायट्रोजन येतो, म्हणजे सुमारे १८ला १. पेप्टोन आणि यीस्ट अर्क भरपूर घातलात तर वाढ दणदणीत दिसेल आणि ऱ्हॅम्नोलिपिड मात्र तुटपुंजं मिळेल.

५०० मि.ली.च्या फ्लास्कमध्ये १०० मि.ली. माध्यम, २ टक्के विरजण (आधी वाढवून घेतलेलं कल्चर), ३७ अंश, १८० फेरे प्रति मिनिट, चार ते पाच दिवस. फेस येणारच. तो दाबायला सिलिकॉनचं फेसनाशक घालू नका: ते पुढे पृष्ठताणाच्या मोजणीत आणि अर्कातही येतं. फ्लास्क मोठा घ्या.

## ५. बनलं की नाही, पाहा

तेल पसरण्याची चाचणी सगळ्यांत झटपट होते. मोठ्या पेट्री डिशमध्ये ४० मि.ली. पाणी, त्यावर २० मायक्रोलिटर कच्चं तेल, आणि मधोमध १० मायक्रोलिटर निवळी (पेशी काढून टाकल्यावरचं वरचं द्रावण). तेल बाजूला सरून स्वच्छ वर्तुळ उमटलं तर पृष्ठक्रिया आहे. ऋणभारित सरफॅक्टंटची खात्री हवी असेल तर सीटॅब (धनभारित सरफॅक्टंट, ०.२ ग्रॅम प्रति लिटर) आणि मेथिलीन ब्लू (०.००५ ग्रॅम प्रति लिटर) घातलेलं अगार घ्या, वसाहतीभोवती गडद निळं कडं येतं.

केरोसीनबरोबर घुसळून २४ तासांनी पायसाच्या (तेल-पाण्याच्या दुधाळ मिश्रणाच्या) थराची उंची मोजण्याची चाचणी सगळेच करतात. करा, पण तिच्यावरून ‘किती’ हे ठरवू नका. पायसीकरण आणि सरफॅक्टंटचं प्रमाण सरळ एकमेकांबरोबर चालत नाहीत.

## ६. वेगळं काढणं, आणि इथला लपलेला सापळा

पेशी १०,००० जीवर १५ मिनिटं फिरवून काढा. निवळीचा सामू सहा नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाने २.० वर आणा, ४ अंशांवर रात्रभर ठेवा, साका पुन्हा फिरवून गोळा करा. तो इथिल अ‍ॅसिटेटमध्ये तीनदा काढा, थर एकत्र करा, सामू २च्या पाण्याने धुवा आणि रोटरी इव्हॅपोरेटरवर ४० अंशांला आटवा. मधासारखा चिकट, पिवळट-तपकिरी पदार्थ उरतो.

ही पायरी टाळून थेट निवळीत धातू मिसळणारे प्रकल्प बरेच दिसतात. तसं केल्याने काय होतं, ते नीट पाहा. वरच्या माध्यमात लिटरमागे सहा ग्रॅम फॉस्फेट क्षार आहेत. त्यात शिशाचे काही थेंब टाकले की क्षणात पांढरा साका येतो. यंत्र सांगतं, नव्वद टक्क्यांहून जास्त शिसं गेलं. ते लेड फॉस्फेट होऊन गेलेलं असतं; जिवाणू न घातलेलं कोरं माध्यमही तेच करतं.

दुसरा सापळा जास्त सूक्ष्म आहे. हाच जिवाणू लोह पकडणारे दोन सिडेरोफोर बनवतो, पायोव्हर्डिन आणि पायोकेलिन. पायोव्हर्डिन पाण्यात राहतं, पण पायोकेलिन आम्लधर्मी निवळीतून इथिल अ‍ॅसिटेटमध्ये तुमच्या ऱ्हॅम्नोलिपिडबरोबरच उतरतं आणि तेही धातू धरतं. अतिनील दिव्याखाली अर्क पिवळा-हिरवा चमकला तर सिलिका स्तंभातून शुद्ध केल्याशिवाय पुढे जाऊ नका. माध्यमात लोह वाढवून सिडेरोफोर दाबता येतात, पण लोह मुबलक झालं की ऱ्हॅम्नोलिपिडही घटतं, म्हणून शुद्धीकरणाचाच मार्ग बरा.

## ७. किती आहे ते मोजा

१०० मायक्रोलिटर नमुना आणि ९०० मायक्रोलिटर ऑर्सिनॉल द्रावण (०.१९ टक्के, ५३ टक्के गंधकाम्लात, त्याच दिवशी केलेलं). ८० अंशांवर ३० मिनिटं, थंड करून ४२१ नॅनोमीटरला वाचन. प्रमाण रेषा ऱ्हॅम्नोजची. उत्तर ऱ्हॅम्नोजमध्ये येतं. मिश्रणासाठी त्याला २.५ने गुणतात. एका शर्करेच्या शुद्ध रेणूसाठी हा गुणक ३.१ येतो आणि दोन शर्करांच्या रेणूसाठी २.०, तेव्हा कोणता वापरलात हे वहीत लिहा.

ही चाचणी शर्करा ओळखते, सरफॅक्टंट नाही. माध्यमात ग्लुकोज असेल तर तेही रंग देतं, आणि या जिवाणूच्या बाह्यपटलातल्या लायपोपॉलिसॅकराइडमध्येही ऱ्हॅम्नोज असतं. म्हणून मोजायचं ते अर्क काढल्यानंतरच.

## ८. धातूशी गाठ

इथे घाई नको. सामू ६.० निवडा. खाली ५च्या आसपास गेलात तर कार्बोक्सिल गट प्रोटॉन परत घेतो, पकड सुटते आणि रेणूही पाण्याबाहेर पडू लागतो. वर ७ कडे गेलात तर शिसं आणि तांबं हायड्रॉक्साइडच्या वाटेला लागतात. मधली पट्टी अरुंद आहे. ऱ्हॅम्नोलिपिडचे रेणू पाण्यात एकत्र येऊन पुंजके करतात, त्यांचा आकारही तिथेच बदलतो: आम्ल बाजूला पिशव्यांसारख्या व्हेसिकल, सहाच्या आसपास पापुद्रे, ६.८च्या वर मिसेल (छोटे गोळे).

ऱ्हॅम्नोलिपिडचं द्रावण. २ मिलिमोलरसाठी ११५ मि.ग्रॅ. तोलून ७० मि.ली. पाण्यात टाका. ते विरघळणार नाही, तळाशी चिकटून बसेल. ०.१ मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइड थेंबथेंब घाला. साधारण २ मि.ली. गेलं की द्रावण निवळतं. मग एमईएस बफर (शेवटी १० मिलिमोलर) घालून सामू ६.० करा आणि १०० मि.ली. भरा. सोडियमचे किंवा पोटॅशियमचे क्षारच वापरा: पोटॅशियमचा स्थिरांक ०.९६ म्हणजे स्पर्धा नगण्य. नळाचं पाणी नकोच, त्यातलं कॅल्शियम तुमच्या जागा अडवतं.

कॅडमियमचं द्रावण. लिटरला १००० मि.ग्रॅ. कॅडमियमसाठी २.७४४ ग्रॅम कॅडमियम नायट्रेट (चतुर्जलयुक्त). शिशासाठी १.५९८ ग्रॅम लेड नायट्रेट.

मिसळणं. ५ मि.ली. ऱ्हॅम्नोलिपिड आणि ५ मि.ली. कॅडमियम, दोन्ही त्याच बफरमध्ये. कॅडमियमची शेवटची तीव्रता ०.०५, ०.१, ०.२, ०.३, ०.५, ०.८ आणि १.० मिलिमोलर (म्हणजे ५.६ ते ११२ मि.ग्रॅ. प्रति लिटर), प्रत्येकी तीन नळ्या. २५ अंश, दोन तास, हळू हलवत. जोरात हलवलंत तर फेस होतो आणि सरफॅक्टंट त्या फेसात जाऊन बसतो.

मिसळल्यावर सामू पुन्हा मोजा. धातू जोडला जाताना उरलेले प्रोटॉन बाहेर पडतात आणि सामू उतरतो. बफर कमी पडला तर ६.० चा प्रयोग नकळत ५.४ ला होतो.

सोबत ही तुलनाद्रावणं असलीच पाहिजेत: फक्त कॅडमियम आणि बफर, फक्त ऱ्हॅम्नोलिपिड, आणि जिवाणू न घातलेल्या माध्यमावर सगळी अर्क-प्रक्रिया करून मिळालेला ‘कोरा’ अर्क अधिक कॅडमियम. तिसरं बहुतेक जण गाळतात, आणि परीक्षक नेमकं तेच विचारतात.

## ९. बांधलेला आणि मोकळा धातू वेगळा करणं

गाळणपडदा आधी पाण्याने दोनदा धुवा, त्यावर ग्लिसरीनचा लेप असतो. नमुना भरून फिरवा, पण जेमतेम पंचमांश द्रव खाली उतरेपर्यंतच. जास्त उतरवलंत तर वर तीव्रता वाढत जाते आणि समतोल सरकतो.

पुंजके वर अडकतात, मोकळा कॅडमियम खाली जातो. पण सुटे ऱ्हॅम्नोलिपिड रेणूही खाली जातात, आपल्याबरोबर धातू घेऊन. पुंजके बनण्याची किमान तीव्रता मिश्रणानुसार आणि सामूनुसार लिटरला काही दहा मि.ग्रॅ. ते २०० मि.ग्रॅ. असते, म्हणजे १ मिलिमोलर द्रावणातला दखल घ्यावी इतका हिस्सा. खालच्या द्रवाची ऑर्सिनॉल चाचणी करून हा हिस्सा मोजा. इलेक्ट्रोड असेल तर हा प्रश्नच मिटतो, तो फक्त मोकळा आयन वाचतो.

एएएसवर कॅडमियम २२८.८ नॅनोमीटरला, शिसं २८३.३ला, तांबं ३२४.७ला. सरफॅक्टंट असलेला नमुना ज्वालेत वेगळ्या वेगाने ओढला जातो, म्हणून नमुने नायट्रिक आम्लाने पचवून घ्या किंवा प्रमाण द्रावणांत तेवढंच ऱ्हॅम्नोलिपिड घाला.

हिशेब असा: एकूण कॅडमियम ०.३० मिलिमोलर, खाली मोकळा ०.०८ निघाला, तर बांधलेला ०.२२. ऱ्हॅम्नोलिपिड १ मिलिमोलर, म्हणून गुणोत्तर ०.२२. तीव्रता वाढवत गेलात की आलेख ०.५च्या आसपास सपाट व्हायला हवा, दोन रेणूंमागे एक. तो ०.८ किंवा १.२ दाखवत असेल तर आनंद नको. नळी उजेडासमोर धरा. तळाशी पांढरं काही दिसलं तर ते कशाचं आहे हे शोधा.

शिशाबरोबर नळी खरोखरच दुधाळ होऊ शकते, कारण भार संपलेलं शिसं-ऱ्हॅम्नोलिपिड संयुग पाण्यात राहत नाही. साक्यातलं ऱ्हॅम्नोलिपिड ऑर्सिनॉलने मोजलंत की संयुग की हायड्रॉक्साइड, हे कळतं.

## १०. ‘वहन’ म्हणजे नेमकं कोणतं

या शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात, आणि निबंध वाचताना त्या मिसळतात.

एक, मातीच्या छिद्रांतून पाण्याबरोबर वाहून नेणं. ऱ्हॅम्नोलिपिड हेच करतं: मातीच्या कणावरून धातू सोडवतं आणि ऋणभारित पुंजक्यात धरून पुढे नेतं. याला मातीने भरलेला स्तंभ लागतो. २.५ सें.मी. व्यास आणि १५ सें.मी. उंची म्हणजे ७४ मि.ली.; छिद्रता ०.४ असेल तर एक छिद्र-आकारमान सुमारे २९ मि.ली. हवा अडकू नये म्हणून ०.०१ मोलर पोटॅशियम नायट्रेट खालून वर चढवा, मग ऱ्हॅम्नोलिपिड सोडा. प्रवाह अचानक मंदावला तर बहुधा चिकणमाती विखरून छिद्रं बुजली आहेत. दाब वाढवू नका, मातीत धुतलेली वाळू मिसळून स्तंभ नव्याने भरा.

दोन, पटलाच्या पलीकडे आयन नेणं. सर्फॅक्टिन एकभारी आणि द्विभारी धनायनांना सेंद्रिय थरातून पलीकडे नेऊ शकतं. हा प्रयोग यू-नळीत होतो, तळाशी क्लोरोफॉर्म आणि दोन्ही भुजांत पाणी. ऱ्हॅम्नोलिपिड घेऊन तो सहसा फसतो: सामू ६ला ते क्लोरोफॉर्म सोडून पाण्यात येतं आणि सीमेवर पायस करून ठेवतं.

पेशीच्या आत धातू नेणं हे सिडेरोफोरचं काम. ऱ्हॅम्नोलिपिड बहुधा उलट परिणाम करतं, धातू बाहेरच अडकवून पेशीवरचा विषारी ताण कमी करतं.

## ११. मातीवर जाण्यापूर्वी

महाराष्ट्रातल्या माती दोन्ही टोकांच्या आहेत आणि दोन्ही या कामाला अवघड. देशावरच्या काळ्या मातीत चुनखडी आणि फुगणारी चिकणमाती. कॅडमियम आणि कॅल्शियमच्या स्थिरांकांत सुमारे सहाशे पटींचा फरक आहे, वाटतं कॅडमियम सहज जिंकेल. पण मातीच्या पाण्यात कॅल्शियम ५ मिलिमोलर आणि कॅडमियम ०.५ मि.ग्रॅ. प्रति लिटर (०.००४४ मिलिमोलर) असेल तर संख्याबळ हजार पटींहून जास्त कॅल्शियमच्या बाजूने, आणि निम्म्याहून अधिक जागा तेच घेतं. कोकणातल्या जांभ्या मातीत कॅल्शियम कमी, पण लोह-अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइडं ऱ्हॅम्नोलिपिडच गिळतात आणि आम्लतेमुळे पकडही ढिली होते. मातीचा सामू, मुक्त चुना आणि विनिमयक्षम कॅल्शियम आधी मोजा.

२ ग्रॅम माती, २० मि.ली. द्रावण, ऱ्हॅम्नोलिपिड १०, २५ आणि ५० मिलिमोलर, २४ तास. ५० मिलिमोलर म्हणजे लिटरला जवळजवळ २९ ग्रॅम, तेव्हा साठा आधी मोजून घ्या. तुलनेला नुसतं पाणी पुरत नाही: ऱ्हॅम्नोलिपिडबरोबर गेलेलं पोटॅशियमही कॅडमियम सोडवतं. तेवढ्याच तीव्रतेचं पोटॅशियम नायट्रेट शेजारी ठेवा आणि त्याने निघालेला कॅडमियम वजा करा.

## १२. परत मिळवणं आणि कचरा

धातू धरलेल्या द्रावणाचा सामू २ वर आणा. प्रोटॉन कार्बोक्सिल गटावर परत बसतात, कॅडमियम सुटून पाण्यात राहतो आणि ऱ्हॅम्नोलिपिड साका होऊन खाली येतं. तो सामू २च्या पाण्याने दोनदा धुऊन पुन्हा वापरता येतो, मात्र वापरण्याआधी त्यात उरलेला कॅडमियम मोजा.

वरचं आम्लधर्मी पाणी बेसिनमध्ये ओतायचं नाही. कॅडमियम आणि शिसं वेगवेगळ्या पॉलिथिलीनच्या डब्यांत, लेबलवर धातू, अंदाजे तीव्रता, सामू आणि तारीख. सेंद्रिय द्रावक त्यात मिसळू नका, त्यांचा डबा निराळा. भरलेले डबे संस्थेमार्फत २०१६च्या धोकादायक कचरा नियमांनुसार अधिकृत प्रक्रिया केंद्राकडे जातात. जिवाणूंचे फ्लास्क आधी १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह करा, पण धातू मिसळलेला फ्लास्क निर्जंतुक झाला तरी तो धातूच्याच डब्यात जातो.